आढ्याच्या दोन्ही अंगांना : विश्वाचे पाणलोट आणि दीर्घिकांचे महासमूह

(नाशिक येथे मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘दीर्घिकांच्या महासमूहांचा जन्म, वाढ आणि भवितव्य’ असा छापलेला आहे आणि या तिन्हींविषयी मी बोलणार आहे. मात्र त्याआधी एक मुद्दा तुमच्यापुढे ठेवायचा आहे. गेली दहा वर्षे तो माझ्या मनात घोळतो आहे आणि तो ऐकायला नाशिककरांइतका जाणता श्रोता मला दुसरीकडे मिळेल असे वाटत नाही. महासमूह म्हणजे दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट कुटुंबांची, मोठी दाटी, ही जी व्याख्या आपण पुस्तकांतून वाचत आलो, ती अपुरी आहे. महासमूहाला पाणलोट क्षेत्र म्हणावे, त्याची हद्द पाणदुभाजकासारखी, म्हणजे पाणी दोन बाजूंना वेगळे करणाऱ्या उंच ओळीसारखी, आखावी, आणि ती आखताना ठिपके मोजण्याऐवजी ओघ कोणत्या बाजूला जातो हे पाहावे, असे माझे म्हणणे आहे. ज्यांच्या जिल्ह्यात गोदावरीच्या उगमाचा ब्रह्मगिरी आहे त्यांना पाणदुभाजक समजावून सांगावा लागत नाही, म्हणून हे इथे बोलायचे ठरवले.

आपला सूर्य आकाशगंगेतला, आकाशगंगा आणि २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका या दोघी स्थानिक समूहातल्या, आणि सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर कन्या राशीच्या दिशेला हजाराहून अधिक दीर्घिकांचा कन्या समूह, एवढी उजळणी तुम्हां सर्वांची झालेली आहे असे मी धरून चालतो. समूह म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांचे कुटुंब. त्याबद्दल फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो समूहांच्या वरच्या पायरीवर.

ती पायरी आहे, हे पहिल्यांदा नेटाने सांगितले जेरार द व्होकुलर यांनी. उत्तर गोलार्धातल्या तेजस्वी दीर्घिका आकाशात सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नसून एका पट्ट्यात दाटलेल्या दिसतात, आणि कन्या समूह त्या पट्ट्याच्या मध्यभागी आहे, असे त्यांनी १९५३ मध्ये मांडले. १९५८ मध्ये जॉर्ज एबेल यांनी २७१२ श्रीमंत दीर्घिका समूहांची यादी प्रसिद्ध केली आणि समूहांचेही गट असतात, असे त्यात नोंदवले. त्या काळी अनेकांना हे पटले नाही, आणि त्याला कारणही होते. आकाश आपल्याला छतासारखे सपाट दिसते. जवळचा दिवा आणि दूरचा दिवा एकाच रेषेत आले तर ते शेजारी आहेत असे वाटते. हे शेजार खरे आहे की भास आहे, हे ठरवायला तिसरी मिती लागते, म्हणजे प्रत्येक दीर्घिकेचे अंतर लागते.

ते अंतर ताम्रसृतीवरून येते. विश्व प्रसरण पावते आहे, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्या बाजूला सरकतो. जितका जास्त सरकला तितकी दीर्घिका दूर. १९७० च्या दशकात एकेका दीर्घिकेचा वर्णपट घ्यायला बराच वेळ लागे. तरीही १९७७ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिन शहरात भरलेल्या परिषदेत यान आयनास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांची मांडणी मधाच्या पोळ्यासारखी आहे, भिंती आहेत आणि मधे रिकामी घरे आहेत, असे चित्र मांडले. १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला तीस कोटी प्रकाशवर्षांहून अधिक रुंदीची पोकळी सापडली. आणि १९८६ मध्ये व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका अरुंद पट्टीतल्या सुमारे ११०० दीर्घिकांचा नकाशा छापला. पंख्याच्या आकाराच्या त्या नकाशात मधोमध हातपाय पसरून उभ्या असलेल्या माणसासारखी आकृती दिसत होती आणि तिच्या धडाच्या जागी अरुंधती केश समूह होता. तो नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्री बराच वेळ मला झोप लागली नव्हती. ठिपके फेसासारखे मांडलेले होते. बुडबुड्यांच्या कडांवर दीर्घिका आणि आत रितेपण.

आता माझी तक्रार सांगतो. या नकाशांनी आपल्याला फार मोठे काही दिले, पण त्याबरोबर एक सवयही लावली. ठिपके दाट दिसले की त्यांच्याभोवती रेघ ओढायची, त्याला नाव द्यायचे आणि हा महासमूह म्हणून मोकळे व्हायचे. रेघ कुठे ओढायची? एका अभ्यासकाने घनता इतकी धरली तर महासमूह एवढा, दुसऱ्याने थोडी कमी धरली तर शेजारचे दोन महासमूह एकमेकांना चिकटून एकच होतात. अशा रेघेमागे निसर्गातले कारण नसते. ती रेघ ओढणाऱ्याच्या सोयीची असते. आणि कागदावरची सोयीची रेघ जमिनीवर काय करते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. ते जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथेच आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी पाणलोटाच्या मोजणीच्या कामावर होतो. त्र्यंबकेश्वराच्या पश्चिमेला डोंगर संपून जो उंच माळ लागतो, त्या माळावर मला पाठवले होते. तुमच्यापैकी त्र्यंबक तालुक्यातून कोण कोण आले आहे? हात वर करा. बरेच आहेत, म्हणजे मला जपून बोलले पाहिजे. तर तुम्हांला माहीतच आहे, की त्या भागात एका बाजूचे पाणी वैतरणेला मिळून ऐंशी-शंभर किलोमीटरवरच्या अरबी समुद्रात जाते आणि दुसऱ्या बाजूचे गोदावरीला मिळून सुमारे १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. कड्याच्या जागी पाणदुभाजक डोळ्यांनी दिसतो. माळावर तो दिसत नाही. जमीन इतकी सपाट असते की उभे राहून कितीही पाहिले तरी उतार कोणत्या अंगाला आहे ते कळत नाही.

माझ्याजवळ कार्यालयातून आलेला नकाशा होता. त्यावर पाणदुभाजकाची रेघ माळाच्या मधोमध, दोन टेकड्यांची टोके जोडून, पट्टी लावून आखावी तशी सरळ ओढलेली होती. दोन दाट ठिकाणे जोडली की मधली हद्द आपोआप ठरते, अशी ती समजूत होती. आम्ही डंपी लेव्हल लावून, स्टाफ धरून, पन्नास-पन्नास मीटरवर उंची घेत चाललो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की आमच्या नोंदी नकाशाशी जुळत नाहीत. जमीन ज्या ठिकाणी सर्वांत उंच लागायला हवी होती तिथे ती चार-पाच बोटे खालीच होती, आणि खरी उंच ओळ पाव किलोमीटर पूर्वेला वाकडीतिकडी जात होती.

त्या वाकड्या ओळीवर एक घर होते. कुडाच्या भिंती, वर कौले, पुढे नागलीचे रान, मागे भाताची खाचरे. दुपारी पाऊस आला म्हणून आम्ही वळचणीला उभे राहिलो. घरातल्या आजींनी आम्हांला आत बोलावले आणि आमचे यंत्र कशासाठी आहे ते विचारले. मी सांगितले, की पाणी कुठल्या अंगाला जाते ते मोजतो आहोत. त्यावर त्या म्हणाल्या, “सायेब, मला इचारायचं व्हतं. आढ्याच्या ह्या अंगाच्या पागोळ्या खाचरात जात्यात, खाचरातून व्हाळात, अन् व्हाळ वैतरणेला. त्या अंगाच्या पागोळ्या अंगणातून गंगेला.” इथल्या माणसाच्या बोलण्यात गोदावरीला गंगाच म्हणतात, हे तुम्हांला सांगायला नको. मी पावसात बाहेर आलो आणि आधी मागच्या पाख्याचे पाणी आणि मग पुढच्या पाख्याचे पाणी पाऊण तास, छत्री न घेता, त्याच्या मागे चालत जाऊन पाहिले. आजींचे म्हणणे खरे होते. त्या घराच्या आढ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाणार होते. पडले तेव्हा त्यांच्यात वीतभराचे अंतर नव्हते. दोन्ही एकाच ढगातून आले होते आणि एकाच कौलावर आपटले होते. वरून त्या घराचे चित्र काढले असते तर ते दोन थेंब एकाच दाटीतले म्हणून एकाच घेरात घातले गेले असते.

ती सुधारलेली रेघ मी अहवालात आखून दिली. तो अहवाल मान्य झाला नाही, कारण आधीचा नकाशा मंजूर झालेला होता आणि त्यावर पुढची कामे आखलेली होती. एक बंधारा कागदावरच्या रेघेप्रमाणे पूर्वेच्या अंगाला, म्हणजे खरे तर पाणदुभाजकाच्या अगदी माथ्याजवळ, बांधला गेला. दोन पावसाळे तो जवळजवळ कोरडा राहिला. ज्यांच्यासाठी तो बांधला त्या बायका जुन्याच विहिरीवर दोन मैल जात राहिल्या. मला त्या गोष्टीचा आजही राग येतो आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. रेघ ओढणाऱ्याने पाण्याच्या मागे चालत जायला हवे होते, एवढेच त्यावर माझे म्हणणे आहे.

आता हीच गोष्ट आकाशात नेऊ. दीर्घिकांच्या बाबतीत पाण्याच्या मागे चालत जायचे म्हणजे काय? पाणी जमिनीच्या उताराने वाहते. दीर्घिका गुरुत्वाकर्षणाच्या उताराने सरकतात. प्रत्येक दीर्घिकेच्या गतीत दोन भाग असतात. एक भाग विश्वाच्या प्रसरणाचा. तो सर्वांना लागू आहे आणि अंतराच्या प्रमाणात वाढतो. दुसरा भाग तिचा स्वतःचा. आसपासच्या वस्तुमानाने ओढल्यामुळे आलेला. पहिला भाग वजा केला की दुसरा हाती लागतो, आणि तो दुसरा भाग म्हणजे आपल्या पागोळीची दिशा. आपला स्थानिक समूह विश्वपार्श्वप्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या बालपणी निघालेल्या प्रकाशाच्या, तुलनेत सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर वेगाने सरकतो आहे. हा वेग उगाच आलेला नाही. कुठेतरी उतार आहे.

वजाबाकी सोपी वाटते, पण करायला फार अवघड आहे. ताम्रसृतीवरून मिळते ती एकूण गती. त्यातून प्रसरणाचा वाटा वजा करायचा तर ताम्रसृतीची मदत न घेता वेगळ्या मार्गाने अंतर काढले पाहिजे. असा एक मार्ग ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी १९७७ मध्ये दाखवला. सर्पिल दीर्घिका जितक्या वेगाने स्वतःभोवती फिरते तितकी ती मुळात तेजस्वी असते. फिरण्याचा वेग तिच्यातल्या हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरींवरून मोजता येतो, त्यावरून खरे तेज कळते, आणि खरे तेज व दिसणारे तेज यांची तुलना केली की अंतर मिळते. याच २१ सेंटिमीटरच्या लहरी टिपणारी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, पुण्याला जाताना नारायणगावाजवळच्या खोडदला आहे. आपल्यापैकी कित्येक जण त्या फाट्यावरून वर्षानुवर्षे पुढे निघून जातात. पुढच्या खेपेला गाडी वळवा, अशी माझी विनंती आहे.

या पद्धतीने काढलेल्या अंतरात १५ ते २० टक्क्यांची चूक राहते. ३३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा प्रसरणाचा वेग सेकंदाला सुमारे ७००० किलोमीटर असतो; त्यात २० टक्क्यांची चूक म्हणजे १४०० किलोमीटर, आणि आपण शोधतो आहोत तो दीर्घिकेचा स्वतःचा वेग जेमतेम काहीशे किलोमीटर. म्हणजे एकाच दीर्घिकेवर विसंबून काहीच सांगता येत नाही. माझ्या लेव्हलच्या एका वाचनावरून माळाचा उतार सांगता आला नसता, तसेच हे आहे. हजारो वाचने घ्यावी लागतात आणि वस्तुमान, ओढ व गती यांचे नियम वापरून त्यांतून सर्वांत संभवनीय असा उताराचा नकाशा काढावा लागतो.

हे काम टली, एलेन कुर्तवा, यहुदा हॉफमन आणि दानिएल पोमारेद यांनी केले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. आठ हजारांवर दीर्घिकांच्या गती घेऊन त्यांनी ओघाच्या रेषा काढल्या आणि जिथे एका बाजूच्या रेषा आत वळतात व पलीकडच्या बाजूच्या दूर जातात ती सीमा आखली. त्या सीमेच्या आत आपण आहोत, कन्या समूह आहे, नरतुरंग आणि नॉर्मा या तारकासमूहांच्या दिशेचे समूह आहेत, आणि सर्व ओघ नॉर्माच्या बाजूच्या खोलगट भागाकडे जातात. या क्षेत्राला त्यांनी हवाई बेटांच्या भाषेतले ‘लानियाकिया’, म्हणजे अफाट आकाश, असे नाव दिले. त्याची रुंदी सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षे आणि वस्तुमान सूर्याच्या एकावर सतरा शून्ये इतके पट. व्होकुलर यांचा जुना महासमूह या क्षेत्राचा एक कोपरा ठरला. शेजारी ययाती आणि मीन यांच्या दिशेचा महासमूह आहे, आणि तिथला ओघ त्याच्या बाजूला जातो. दोघांच्या मधे पाणदुभाजक आहे. शोधनिबंधात पाणलोटाचीच उपमा वापरलेली पाहिली तेव्हा मला त्या कौलारू घराची आठवण झाली, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

पाणलोट म्हटला की उंचवट्याकडेही लक्ष द्यावे लागते. ठिपक्यांच्या नकाशात पोकळी म्हणजे काहीच नसलेली जागा. ओघाच्या नकाशात पोकळी हा ब्रह्मगिरी आहे. तिथे द्रव्य कमी, म्हणून आसपासची ओढ तिच्यापासून बाहेरच्या बाजूला जास्त पडते, आणि दीर्घिका तिच्यापासून दूर वाहतात. याच गटाने २०१७ मध्ये असे दाखवले, की आपल्या स्थानिक समूहाच्या ६०० किलोमीटरच्या वेगात एका बाजूच्या दाट भागाच्या ओढीचा आणि विरुद्ध बाजूच्या एका मोठ्या विरळ प्रदेशाचा वाटा साधारण सारखा आहे. नदीची गोष्ट सांगताना आपण समुद्राचे गुणगान करतो आणि डोंगर विसरतो. या ठिकाणी डोंगराचा हिशेब मांडला गेला, याचा मला फार आनंद झाला.

सपाट माळावरचा पाणदुभाजक नाजूक असतो, एका बांधाने किंवा गाडीवाटेने तो सरकतो. लानियाकियाचेही तेच झाले आहे. २०२४ मध्ये सुमारे ५६ हजार दीर्घिकांच्या अंतरांचा नवा संच वापरून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा असे दिसू लागले की लानियाकिया हे स्वतंत्र खोरे नसून शॅप्ली नावाच्या दूरच्या महासमूहाच्या फार मोठ्या खोऱ्यातला एक उपप्रवाह असण्याची शक्यता अधिक आहे. कादवा दारणेसारखी आपल्या मार्गाने जाते आणि अखेर गोदावरीलाच मिळते, तसे काहीसे. दहा वर्षांत सीमा बदलली म्हणून काही जणांनी नाराजी व्यक्त केली. मला तसे वाटत नाही. मोजणी वाढली, उतार अधिक बारकाईने कळला, रेघ सरकली, आणि ती सरकवायला कोणी नकार दिला नाही.

शॅप्ली म्हटल्यावर थोडे आपल्या माणसांविषयी बोलले पाहिजे. सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या प्रचंड दाटीचे एक टोक हार्लो शॅप्ली यांनी १९३० मध्ये नरतुरंगाच्या दिशेला नोंदवले होते, परंतु ती एवढी मोठी रचना आहे हे १९८९ मध्ये सोमक रायचौधुरी यांनी ओळखले आणि तिला शॅप्लींचे नाव दिले. तेच रायचौधुरी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेचे संचालक झाले. जुलै २०१७ मध्ये आयुका आणि पुण्यातल्या आयसर या विज्ञानसंस्थेतील जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन, रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर एक महासमूह शोधल्याचे जाहीर केले. चाळीसहून अधिक दीर्घिका समूह, ६० कोटी प्रकाशवर्षांचा विस्तार, सूर्याच्या दोनावर सोळा शून्ये इतके पट वस्तुमान. स्लोन या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाच्या आकडेवारीतून तो सापडला आणि त्याला नाव दिले ‘सरस्वती’. महासमूहाला नदीचे नाव द्यावे, हे शोधकांना सुचले, यात मला माझ्या म्हणण्याला मिळालेला कौल दिसतो. आयुका ही जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभी केलेली संस्था. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि प्रकृतीमुळे इथे येऊ शकले नाहीत. ते आले असते तर या सरस्वतीविषयी त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाले असते, ही हुरहुर माझ्या मनात राहिली आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि तीवर दहा मिनिटे असे लिहिले आहे. पत्रिकेवरचे तिन्ही शब्द अजून राहिले आहेत, म्हणून आता भरभर जातो.

जन्म. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना त्यातून निघालेला प्रकाश आज विश्वपार्श्वप्रारण म्हणून मिळतो, आणि त्यात लाखात एक एवढेच चढउतार आहेत. ते चढउतार म्हणजे पहिला उतार. जिथे द्रव्य किंचित जास्त तिथे ओढ किंचित जास्त, त्यामुळे आणखी द्रव्य तिकडे. हे काम मुख्यतः कृष्णद्रव्याने, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ लावणाऱ्या द्रव्याने, केले, कारण द्रव्यातला पाचषष्ठांश वाटा त्याचा आहे. याकोव झेल्दोविच यांनी १९७० मध्ये दाखवले की द्रव्याचा ढग तिन्ही दिशांनी सारखा आकसत नाही. एका दिशेने आधी चेपला जाऊन भाकरीसारखा पसरट होतो. त्या भाकऱ्या म्हणजे भिंती. भिंत दुसऱ्या दिशेने आकसली की तंतू होतो, आणि तंतूंमधून द्रव्य वाहत जाऊन जिथे तंतू मिळतात तिथे गाठ, म्हणजे दीर्घिका समूह होतो. १९९६ मध्ये बाँड, कॉफमन आणि पोगोस्यान यांनी या सगळ्या रचनेला विश्वजाल हे नाव रूढ केले आणि तंतू सुरुवातीच्या चढउतारांतच कसे ठरलेले असतात ते सांगितले. संगणकातल्या प्रतिरूपांवरून असे दिसते, की अवकाशातली तीन चतुर्थांशाहून अधिक जागा पोकळ्यांनी व्यापलेली आहे, आणि द्रव्याचा जवळजवळ निम्मा भाग जेमतेम सहा टक्के जागा व्यापणाऱ्या तंतूंमध्ये आहे. महासमूह म्हणजे अशा काही गाठी, त्यांना जोडणारे तंतू आणि त्यांत उतरणाऱ्या भिंती, हा सगळा परिसर.

वाढ. २०१८ मध्ये ओल्गा कुच्चाती आणि सहकाऱ्यांनी विश्व २३० कोटी वर्षांचे असतानाचा एक बालमहासमूह शोधला. त्याचे नाव हायपेरियन. त्याच्या गाठी अजून सैल आहेत, पसरलेल्या आहेत. सरस्वतीचा प्रकाश ४०० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथे गाठी घट्ट झालेल्या दिसतात. तोपर्यंत इतकी मोठी रचना कशी उभी राहिली, हा प्रश्न त्या शोधनिबंधाने उभा केला आहे. या दोघांच्या मधल्या काळातले पुरावे सध्या अॅरिझोनातल्या किट पीकवरचे डेसी उपकरण गोळा करते आहे. पूर्वी लोक एकेका दीर्घिकेचा वर्णपट घेत; हे उपकरण एकाच वेळी ५००० दीर्घिकांचे वर्णपट घेते.

भवितव्य, आणि इथे माझी उपमा अपुरी पडते, ते मी लपवणार नाही. १९९८ मध्ये कळले की विश्वाचे प्रसरण वेग घेते आहे. गेली ५०० ते ६०० कोटी वर्षे कृष्णऊर्जेचा, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेचा, जोर ओढीपेक्षा जास्त झाला आहे. नदी समुद्राकडे निघाली आहे, पण मधली जमीनच ताणली जाते आहे. आपण कन्या समूहाकडे ओढले जातो, तरी ती ओढ प्रसरणाचा वेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटरने कमी करते, एवढेच. कन्या समूह आपल्यापासून सेकंदाला सुमारे १००० किलोमीटरने दूरच जातो आहे आणि आपण त्यात कधी पडणार नाही. लानियाकियाही एकत्र येणार नाही. त्याचे तुकडे होतील. म्हणून २०१५ मध्ये गायूंग चॉन आणि सहकाऱ्यांनी असा आग्रह धरला, की जी रचना पुढे कधीतरी आकसून एक होणार आहे तिलाच महासमूह म्हणावे. त्या कसोटीवर सरस्वतीचा आणि शॅप्लीचा गाभा टिकतो, लानियाकिया टिकत नाही. मला त्यांचा युक्तिवाद सबळ वाटतो, तरी मी माझ्या बाजूला राहतो. आजचा ओघ आज खरा आहे. जे पाणी समुद्रापर्यंत पोहोचणार नाही त्याचाही पाणलोट असतोच. राजस्थानातली लुनी कच्छच्या रणात जिरते म्हणून तिचे खोरे नकाशातून कोणी पुसत नाही. फार पुढच्या काळात आपला स्थानिक समूह एकमेकांना धरून एकटा उरेल आणि बाकीच्या दीर्घिका दृष्टीआड होतील, तेव्हा त्या काळच्या निरीक्षकाला हे ओघ दिसणारच नाहीत. आपल्याला दिसतात, म्हणून ते आपण आखून ठेवले पाहिजेत.

चिठ्ठी पुन्हा आली. शेवटचे एकच सांगतो. आज घरी जाताना दहा-साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला पाहा. चित्रा नक्षत्राचा पांढरा तारा तिथे चांगला उंच असेल. हात लांब करून मूठ धरा. चित्रेच्या सरळ खाली दोन मुठी मोजा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसणार नाही. शॅप्लीच्या दाटीचा गाभा त्या जागी आहे, आणि नव्या मोजणीप्रमाणे आपल्या आढ्यावरच्या पागोळ्या बहुधा त्याच अंगाला उतरतात.